एकट्याची पंगत : फ्लॉरेन्स शहरांतील आठ दिवस

फ्लॉरेन्स शहरावर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे, कीं तेथील एखाद्या चित्राविषयीं अथवा देवालयाविषयीं नवीन कांहीं सांगण्याचा आव माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकानें आणूं नये हेंच बरें. त्या विषयांचे जाणते निराळे आहेत. परंतु चित्रशाळेंत प्रवाशाचे दिवसाकांठीं दोन-तीन तास जातात, आणि भूक मात्र त्याला दिवसांतून तीन वेळां लागते. असें असूनही आपल्याकडील प्रवासवर्णनांत जेवणाचा मजकूर बहुधा 'शाकाहारी मंडळींचे हाल होतात' एवढ्या एका वाक्यांत आटोपलेला असतो. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्या शहरीं एकटाच आठ दिवस राहिलों, आणि दोन्ही वेळां तेथील लहान-मोठ्या भोजनगृहांतच जेवलों. त्या अनुभवांतील कांहीं गोष्टी आपल्या मासिकाच्या वाचक-कुटुंबांपुढें ठेवाव्या असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रवासास निघतांना घरच्या माणसांस विमानाची, थंडीची किंवा परक्या भाषेची तितकीशी काळजी नव्हती. काळजी होती ती ही, कीं 'तिकडे एकटे जेवणार कसे?' हा प्रश्न वरवर साधा दिसला, तरी त्याच्या मुळाशीं आपल्या संस्कारांतील एक खोल भावना आहे. एकट्यानें जेवणें ही आपल्याकडे सुखाची गोष्ट मानीत नाहींत. पानावर बसलेल्या माणसापाशीं कोणी तरी येऊन बसतें, 'आणखी थोडा भात घ्या' असें म्हणतें, दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी सांगतें. माझ्यापुरती ही जागा पत्नीच्या निधनानें रिकामी झाली, त्याला चार वर्षें झालीं. तेव्हांपासून जेवण म्हणजे उरकून टाकावयाचें एक काम, अशी माझी समजूत होत चालली होती. म्हणून परदेशांतील एकट्याचें जेवण हा माझ्या दृष्टीनें केवळ सोयी-गैरसोयीचा प्रश्न नव्हता. तें साधतें कीं नाहीं यावर, यापुढें एकट्यानें कोठें जावयाचें कीं घरींच बसावयाचें, हें ठरणार होतें.

रोमहून निघालेली वेगवान आगगाडी सुमारें दीड तासांत फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकावर आणून सोडते. तेथील लोक आपल्या शहरास 'फिरेन्झे' म्हणतात. आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें जुनें शहर इतकें आटोपशीर आहे, कीं साठी उलटलेल्या माणसानें सावकाश चालत तें सहज ओलांडावें. मधोमध ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत उभारलेला घुमट आहे. वाटेचा संशय आला कीं मान वर करावी आणि दिशा ओळखावी. नदीवर १३४५ सालचा 'पोन्ते व्हेक्क्यो', म्हणजे जुना पूल, आहे. त्यावर आज सोनारांचीं दुकानें आहेत. पूर्वीं तेथें खाटीक बसत, त्यांस १५९३ सालीं ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला यानें हुकूम काढून तेथून उठविलें. दुसऱ्या महायुद्धांत, ऑगस्ट १९४४ मध्यें, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील बाकीचे पूल उडविले. हा एकच राहिला. १८६५ ते १८७१ हीं वर्षें हें शहर इटलीच्या राज्याची राजधानी होतें. ही गोष्ट पुढें एका कारणासाठीं लागणार आहे, म्हणून येथें नमूद करून ठेवितों.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. इटलींत 'बार' ही पाटी दिसली म्हणून सभ्य गृहस्थानें बिचकण्याचें कारण नाहीं. तेथें सकाळीं सारें गांव कॉफी घेतें. शाळेंत जाणारीं मुलेंही तेथेंच गोड पाव खातात. कॉफी उभ्यानें घेतल्यास स्वस्त, आणि टेबलाशीं बसून घेतल्यास पुष्कळ ठिकाणीं महाग पडते. जेवणासाठीं 'त्रात्तोरिया', 'ओस्तेरिया' आणि 'रिस्तोरान्ते' असे तीन प्रकार आहेत. त्रात्तोरिया म्हणजे बहुधा एखाद्या कुटुंबानें चालविलेली साधी खाणावळ. ओस्तेरिया ही पूर्वीं मद्याबरोबर कांहीं तरी खावयास देणारी धर्मशाळेसारखी जागा, आज ती खाणावळच झाली आहे. रिस्तोरान्ते म्हणजे थाटामाटाचें भोजनगृह. या सीमारेषा आतां पुसट झाल्या आहेत, तरी एकट्या प्रवाशानें पहिल्या दोहोंकडे वळावें. दुपारचें जेवण साडेबारापासून अडीचपर्यंत आणि रात्रीचें साडेसातनंतर मिळतें. मधल्या वेळांत दारें बंद. बिलांत 'कोपेर्तो' या नांवाखालीं माणशीं दोन-तीन युरो निराळे लावितात. ती पान मांडल्याची व पावाची आकारणी असते, फसवणूक नव्हे. आणखी एक मौज अशी, कीं या शहरांत घरांस दोन प्रकारचे क्रमांक आहेत. राहत्या घरांचे निळे किंवा काळे, आणि दुकानांचे लाल. एकाच रस्त्यावर काळा दहा आणि लाल दहा हे एकमेकांपासून बरेच दूर असूं शकतात. पत्त्यांत आंकड्यापुढें लाल रंगाचें आद्याक्षर लिहिलेलें असतें. तें ज्यास ठाऊक नाहीं, तो भुकेल्या पोटीं बराच हिंडतो.

शाकाहारी माणसानें तीन-चार वाक्यें पाठ करून जावीं. 'सोनो व्हेजेतारियानो' म्हणजे मी शाकाहारी आहें. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' म्हणजे मांसाविना, माशांविना. 'सेन्झा उओव्हा' म्हणजे अंड्यांविना. परंतु खरा प्रश्न विचारावयाचा तो 'ब्रोदो'विषयीं. दिसावयास निव्वळ भाजीचें असलेलें सार मांसाच्या पाण्यांत शिजविलेलें असूं शकतें, आणि त्यांस त्यांत मांस आहे असें वाटतच नाहीं. ताज्या शेवया व पट्ट्या बहुधा अंडें घालून मळतात, वाळविलेल्या बहुधा केवळ गव्हाच्या असतात. चीज विरजण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य वापरण्याची चाल आहे. सुप्रसिद्ध पार्मेसान चीज तर नियमानेंच तसें करावें लागतें. ज्यांचा नेम कडक आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. जेवणाचा क्रम 'प्रीमो', 'सेकोंदो', 'कोंतोर्नो' व 'दोल्चे' असा असतो. सेकोंदो मांसाचा, आपण प्रीमो आणि कोंतोर्नो यांवर, म्हणजे सार-शेवया व भाज्यांवर, पोटभर जेवूं शकतों, आणि सर्व क्रम घेतलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरीत नाहीं.

फ्लॉरेन्सचें नांव ज्या पक्वान्नांसाठीं जगभर गाजतें तीं बहुतेक गोमांसाचीं आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या शहराचें दुसरें एक अन्न आहे. तें कष्टकरी माणसांचें. त्यांत मांस क्वचितच पडे, कारण तें परवडतच नसे. शिळा पाव, घेवड्याच्या बिया, कोबीचीं पानें आणि ऑलिव्हचें तेल, एवढ्यावर तें उभें आहे. हेंच अन्न शोधावयाचें असा माझा बेत होता.

पहिल्या रात्रीं तो साधला नाहीं. कॅथीड्रलजवळच्या एका झगमगीत भोजनगृहांत शिरलों. 'एकटेच?' असें दोनदां विचारण्यांत आलें. अर्धीअधिक टेबलें रिकामीं असतांही मला मुदपाकखान्याचें दार आणि छत्र्या ठेवण्याचें पिंप यांच्यामधील एका चिंचोळ्या टेबलाशीं बसविलें. सार संपण्यापूर्वींच वाढप्यानें ताट उचलण्यासाठीं हात पुढें केला, आणि न मागतां बिल आणून ठेविलें. त्या जागेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असा अनुभव मुंबईसही येतो. पण खोलीवर परततांना घरच्यांचा प्रश्न मला खरा वाटूं लागला होता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं सान लोरेन्झोच्या मंडईंत गेलों. लोखंड व कांच यांची ही भव्य इमारत १८७४ सालची. मिलानमधील प्रख्यात कमानी बाजाराचा रचनाकार जुसेप्पे मेंगोनी यानेंच ती बांधली. खालीं भाजी, फळें, चीज, मासे व मांस यांचे गाळे. वरच्या मजल्यावर २०१४ पासून तयार खाद्यपदार्थांचीं दुकानें आहेत. मंडईच्या आसपासच्या गल्ल्यांत दुकानदार व हमाल यांच्या जुन्या खाणावळी आहेत. अशाच एका खाणावळींत शिरलों. तेथें 'एकटेच?' हा प्रश्न नव्हता, कारण तेथें स्वतंत्र टेबल असें कोणालाच मिळत नाहीं. जेथें खुर्ची रिकामी, तेथें बसावयाचें. तीन माणसें जेवत होतीं, चौथी खुर्ची माझी झाली. आपली पंगत एका रेषेंत बसते, ती येथें चौकोनांत बसली होती, इतकाच फरक.

मीं 'रिबोल्लीता' मागविली. मांसाचें ब्रोदो नाहीं, याची खात्री आधीं करून घेतली. रिबोल्लीता म्हणजे शब्दशः 'पुनः उकळलेली'. कांदा, गाजर, सेलरी व बटाटा तेलांत परततात. त्यांत पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि 'काव्होलो नेरो' म्हणजे काळा कोबी घालतात. हा कोबी गड्डा धरीत नाहीं. त्याचीं पानें लांब, सुरकुतलेलीं व काळसर हिरवीं असतात, आणि थंडीचा कडाका पडल्यावर तीं अधिक गोड लागतात. या सारांत शिळ्या पावाचे तुकडे टाकून तें मुरूं देतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः उकळतात. मग चमचा उभा राहील इतकें तें दाट होतें. पहिल्या दिवशींच्या सारास हें नांव देतां येत नाहीं. शिळेपणा हा येथें दोष नसून पदार्थाचें लक्षणच आहे.

माझ्या समोर पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांचा व्यवसाय पुस्तकबांधणीचा. त्यांचें इंग्रजी अर्धेंमुर्धें, आणि माझें इटालियन त्याहून कमी. मी चमचा उचलतों तोंच त्यांनीं हात वर करून मला थांबविलें, तेलाची बाटली घेतली आणि माझ्या वाडग्यावर तेलाची एक धार गोल फिरविली. आपल्याकडे वरण-भातावर तूप वाढल्याविना पहिला घांस घेऊं देत नाहींत, अगदीं तसें. नोव्हेंबरांत ऑलिव्हचें नवें तेल येतें. तें हिरवट असतें, त्याला ताज्या गवताचा वास येतो व घशाशीं तें किंचित् तिखट लागतें. वर्षभर ठेविलेल्या तेलांत ही चव राहत नाहीं. मीं मान डोलाविली तेव्हां त्यांस झालेलें समाधान पाहून, आग्रह करणारें माणूस पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखेंच असतें असें वाटलें.

बोलण्यांतून एवढें कळलें, कीं ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नोला महापूर आला, तेव्हां ते सतरा वर्षांचे होते. नदी शहरांत शिरली, आणि राष्ट्रीय ग्रंथालयांतील लक्षावधि ग्रंथ चिखलांत बुडाले. देशोदेशींचे विद्यार्थी धांवून आले आणि हातोहात ग्रंथ बाहेर काढूं लागले. त्या मुलांस 'चिखलांतील देवदूत' असें नांव पडलें. त्या रांगेंत उभे असतांनाच आपल्याला पुस्तकांचा नाद लागला, असें त्यांनीं हातवाऱ्यांनीं मला समजाविलें. पुराचें पाणी कोठवर चढलें होतें, तें दाखविणाऱ्या पट्ट्या शहरांतील भिंतींवर बसविलेल्या आहेत. पुष्कळ ठिकाणीं त्या उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. निघतांना त्यांनीं मालकिणीस माझ्याकडे बोट दाखवून 'कोम्पान्यो' असा शब्द उच्चारला. कोम्पान्यो म्हणजे सोबती. त्याची व्युत्पत्ति लॅटिनमधील 'सह' आणि 'पाव' या दोन शब्दांपासून आहे; ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली, तो सोबती. आपल्या अमरकोशांत सहभोजनास 'सग्धि' असा एक सुंदर शब्द आहे. वर्गांत तो मीं अनेक वर्षें शिकविला. त्याचा अर्थ मात्र त्या चौथ्या खुर्चीवर बसून अधिक कळला.

येथील पावाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तोस्काना प्रांताच्या पावांत मीठ नसतें. पहिला घांस घेतला कीं आपल्याला कांहीं तरी राहून गेलें असें वाटतें. याच्या कारणांविषयीं कथा पुष्कळ आहेत, पण त्यांतील एकही निश्चित नाहीं. तरी उपयोग स्पष्ट आहे. बरोबरचे पदार्थ खारट असल्यानें पाव अळणी शोभतो. आणि तो शिळा झाला तरी सारांत, सॅलडमध्यें सहज सामावतो. महाकवि दान्ते या शहरीं १२६५ सालीं जन्मला आणि १३०२ सालीं राजकारणामुळें हद्दपार झाला. १३२१ सालीं राव्हेन्ना येथें मरण पावेपर्यंत त्याला पुनः जन्मभूमीचें दर्शन घडलें नाहीं. त्याच्या महाकाव्यांत हद्दपारीच्या दुःखाची खूण म्हणून परक्यांच्या पावाच्या खारट चवीचा उल्लेख येतो. अळणी पावावर वाढलेल्या माणसाच्या तोंडीं त्या उल्लेखाला दुहेरी धार आहे. आपल्याकडेही 'परान्न' या शब्दांत केवढा संकोच भरलेला आहे!

शिळ्या पावाचे आणखी दोन पदार्थ सांगतों. 'पाप्पा आल पोमोदोरो' म्हणजे टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीचीं बासिलिकोचीं पानें आणि तेल यांत शिजवून गोळा केलेला पाव. दात नसलेल्या म्हाताऱ्यांपासून दात न आलेल्या मुलांपर्यंत सर्वांस तो चालतो. 'पान्झानेल्ला' म्हणजे पाण्यांत भिजवून पिळलेला पाव, कांदा, काकडी, टोमॅटो व व्हिनेगार यांचें मिश्रण. तें उन्हाळ्याचें अन्न असल्यामुळें मला मिळालें नाहीं. आपल्या घरोघरीं रात्रीच्या पोळीचा सकाळीं फोडणी देऊन कुस्करा होतो, त्याचींच हीं भावंडें. मौज अशी, कीं ज्या टोमॅटोवांचून आज इटालियन स्वयंपाकाची कल्पना करवत नाहीं, तो अमेरिकेहून आलेला आहे. १५४८ सालीं मेदिची घराण्याच्या कोसिमो ड्यूककडे टोमॅटोंची एक करंडी आली, अशी नोंद आहे. त्यानंतर कितीएक पिढ्या लोक त्याकडे शोभेची वस्तु म्हणून पाहत होते. पांढरा घेवडाही अमेरिकेचाच. त्यापूर्वीं या देशांत आपल्या चवळीच्या जातीच्या शेंगा खात. तोस्कानाच्या लोकांस शेजारी थट्टेनें 'घेवडे खाणारे' म्हणतात. सेज नांवाचीं सुगंधी पानें व टोमॅटो घालून केलेल्या घेवड्याच्या नांवांत 'लहान पक्षी' असा शब्द येतो. तो ऐकून दचकूं नये, त्यांत पक्षी नसतो, मसाला तेवढा पक्ष्यांच्या पदार्थाचा. जेवणाअखेर 'कास्तान्याच्चो' मिळाल्यास अवश्य घ्यावा. चेस्टनटचें पीठ, मनुका, पाइनच्या बिया आणि रोझमेरीचीं पानें यांची ही वडी. साखर बहुधा नसते, गोडी पिठाचीच.

इटालियन घरांत आजही ज्या पाकशास्त्राच्या पुस्तकाचें नांव निघतें, तें याच शहरीं १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा लेखक पेल्लेग्रीनो आर्तुझी. प्रकाशक मिळेना म्हणून त्यानें तें स्वखर्चानें छापिलें. पहिल्या आवृत्तींत ४७५ पाककृति होत्या. १९११ सालीं तो निवर्तला तोंवर त्या ७९० झाल्या. नुकत्याच एक झालेल्या आणि अनेक बोलींत विभागलेल्या राष्ट्राला स्वयंपाकघरांतील एक भाषा या पुस्तकानें दिली, असें विद्वान् मानतात. हा आर्तुझी आजन्म अविवाहित होता. आचारी आणि मोलकरीण यांच्या मदतीनें तो प्रत्येक कृति करून पाही, आणि मृत्यूनंतर पुस्तकाचे हक्क त्यानें त्या दोघांस ठेविले. एकटा माणूस अन्नाविषयीं उदासीन असतो, ही समजूत त्याच्या आयुष्याकडे पाहतां टिकत नाहीं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी बिलाचे आंकडे इटालियनमध्यें ऐकूं लागलों. दूए, त्रे, सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे! द्वे, त्रि, षट्, सप्त, अष्ट, नव हे शब्द ज्यानें मुलांकडून घोकून घेतले, त्याला हे परके वाटतील कसे? हें साम्य प्रथम ज्यांच्या ध्यानांत आलें, त्यांत याच शहरचा एक व्यापारी होता. फिलिप्पो सास्सेत्ती हा १५४० सालीं येथें जन्मला, १५८३ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि १५८८ सालीं गोव्यांत वारला. कोची व गोवें येथून लिहिलेल्या पत्रांत, संस्कृतांतील सहा ते नऊ हे अंक, 'देव' व 'सर्प' हे शब्द आपल्या भाषेशीं जुळतात, असें त्यानें नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं हा विषय विद्वानांपुढें मांडला, त्याच्या दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट. पुढें १८६३ पासून आंजेलो दे गुबेर्नातिस यांनीं याच शहरीं संस्कृत शिकविलें, १८८५-८६ मध्यें हिंदुस्थानचा प्रवास केला आणि १८८६ सालीं येथें भारतीय वस्तुसंग्रह उघडला. त्यांतील वस्तु आज मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत आहेत. घराबाहेर पडलेला माणूस परक्यांच्या बाजारांत भाव विचारतां विचारतां भाषांचें नातें ओळखतो, हें सास्सेत्तीचें उदाहरण मला फार आवडलें.

जुन्या वाड्यांच्या भिंतींत दरवाज्याशेजारीं, देव्हाऱ्याच्या कोनाड्याएवढ्या कमानदार खिडक्या दिसतात. वाड्याचे धनी आपल्या मळ्यांतील मद्य यांतून परस्पर गिऱ्हाइकांस विकीत. शहराच्या जुन्या भागांत अशा दीडशेंहून अधिक खिडक्या आहेत. मला त्या मद्याशीं कर्तव्य नाहीं. पण १६३० च्या प्लेगाच्या वेळची त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्चेस्को रोंदिनेल्ली यानें १६३४ सालीं लिहून ठेविलें आहे, कीं सांथींत विक्रेते गिऱ्हाइकास स्पर्श करीत नसत; पैसे धातूच्या फावडीवर घेऊन व्हिनेगारांत टाकीत. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत यांपैकीं कांहीं खिडक्या पुनः उघडल्या, आणि त्यांतून कॉफी व आइसक्रीमही देण्यांत येऊं लागलें. आमच्या आजीचें सोवळें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही फावडी ओळखीची वाटेल. अंतर राखावयाचें, पण देणें थांबवावयाचें नाहीं.

३० नोव्हेंबरला मी ट्रामनें 'काश्शीने' या उपवनाकडे गेलों. नदीकांठानें दूरवर पसरलेल्या या उपवनाच्या अगदीं टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, एका छत्रीखालीं एका तरुण भारतीय राजाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज. १८७० सालीं त्यांनीं इंग्लंडचा प्रवास केला व आपली दैनंदिनी लिहिली. ती पुढें १८७२ सालीं लंडन येथें छापली गेली. परततांना फ्लॉरेन्स येथें आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजीं ते निवर्तले. वय अवघें वीस. हें शहर तेव्हां राजधानी होतें. हिंदु पद्धतीचें दहन ही तेथें अपूर्व गोष्ट; खास परवानगी मिळवावी लागली, आणि दोन नद्यांच्या या संगमावर चिता रचण्यांत आली. १८७४ सालीं स्मारक झालें. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढें याच मँट यांच्या आराखड्यानें उभा राहिला. या जागेला लोक 'लिंदियानो', म्हणजे 'भारतीय', असें म्हणूं लागले, आणि १९७८ सालीं शेजारीं पूर्ण झालेल्या मोठ्या पुलासही 'भारतीयाचा पूल' हेंच नांव मिळालें. त्यावरून रोज हजारों गाड्या जातात. राजाचें नांव त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल. पण या ठिकाणीं कोणी एक दूरदेशींचा पाहुणा राहून गेला, एवढें त्या नांवांत कायम झालें आहे. नदीवरचा वारा बोचरा होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचें नांव ज्यानें ज्यानें ऐकलें आहे, त्यानें एकदां येथें येऊन दोन फुलें वाहावीं असें मला वाटलें. मीं तीं वाहिलीं.

त्या रात्रीं नदीपलीकडे, सांतो स्पीरितो चौकाजवळच्या एका त्रात्तोरियांत जेवावयास गेलों. तेथें तिसऱ्यांदां जात होतों. मालकानें विचारण्यापूर्वींच घेवड्याचा वाडगा आणून ठेविला, आणि 'आज उशीर झाला?' असें खुणेनें विचारलें. कोठें गेलों होतों तें सांगितलें. तो क्षणभर स्तब्ध राहिला, मग 'ओस्पिते' एवढेंच म्हणाला. इटालियन भाषेंत या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: पाहुणा आणि यजमान. त्यानें तो राजाराम महाराजांस उद्देशून म्हटला, कीं आपल्या शहराविषयीं, कीं माझ्याविषयीं, हें मीं विचारलें नाहीं. वाडगा गरम होता. त्या दिवशीं मी सावकाश, अगदीं शेवटच्या बीपर्यंत जेवलों.

वाचकांपैकीं कोणास एकट्यानें या शहरीं जाण्याचा योग आल्यास, विशेषतः वयस्क गृहस्थांस व एकट्या स्त्रियांस, माझ्या या सूचना उपयोगी पडतील. कॅथीड्रलच्या अगदीं सावलींतील भोजनगृहें टाळावीं. दुपारीं साडेबाराच्या ठोक्याला मंडईच्या गल्ल्यांत किंवा नदीपलीकडे जावें, आणि सामाईक टेबल आहे का, तें विचारावें. एकाच ठिकाणीं दोनदां-तीनदां जावें. दुसऱ्या खेपेस माणूस ओळखीचा होतो. नोव्हेंबरांत गेल्यास नवें तेल मिळेल व गर्दी कमी असेल. माझें एका वेळचें जेवण बहुधा पंधरा ते वीस युरोंत झालें. पोट बिघडलें नाहीं, नेम मोडला नाहीं, आणि पहिली रात्र सोडली तर एकदांही एकट्यानें जेवल्यासारखें वाटलें नाहीं.

घरच्या मंडळींस हें सर्व सांगितलें आहे. पुढील वर्षीं तूरिन येथें जाण्याचा विचार आहे. इटलींतील संस्कृतचें पहिलें अध्यासन त्या शहरीं १८५२ सालीं, वाल्मीकि रामायणाचे संपादक गास्पारे गोरेसिओ यांच्यासाठीं, स्थापन झालें. तेथील खाणावळींची चौकशी आतांपासूनच सुरू केली आहे.